थंडी गेली, गिझर बंद करताय? आधी त्याची ज्योत बघा

अकोला-अमरावतीचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला आठवतं ते ऊन. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा भागात पाणी तापवायच्या यंत्रावर लेख? मे महिन्यात तर दुपारी नळ उघडला की चटका बसेल असं पाणी येतं, वेगळा गिझर हवाय कशाला?

पण वऱ्हाडातल्या माणसाला डिसेंबर-जानेवारीची पहाटही माहीत आहे. टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही. मग घरोघरी गिझर, हीटरचा रॉड, गावाकडे बंब सुरू होतो. होळीपर्यंत तो चालतो. धुळवडीचा रंग काढायला एकदा शेवटचा लागतो आणि मग दिवाळीपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही.

हा "शेवटचा वापर" किती महागात पडू शकतो, हे मार्च २०२३ मध्ये दिसलं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईत घाटकोपरमधल्या एका घरात पती-पत्नी बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले. गॅस गिझरच्या वायूमुळे गुदमरून मृत्यू झाला असावा, असा प्राथमिक अंदाज तेव्हा व्यक्त झाला. त्याच होळीला उत्तर प्रदेशात गाझियाबाद जिल्ह्यातल्या मुरादनगरमध्येही एक दांपत्य असंच बाथरूममध्ये सापडलं. तिथेही संशय गॅस गिझरवरच होता.

थंडीच्या देशांत घर गरम ठेवायला तळघरात भट्टी असते आणि हिवाळा संपला की तिची तपासणी होते. आपल्याकडे तसली भट्टी नाही. पण बाथरूमच्या भिंतीवर टांगलेला गॅस गिझर ही भट्टीच आहे, फक्त आकाराने लहान. मग तिची तपासणी कधी करायची, काय बघायचं आणि मुळात ती बाथरूममध्ये असावी का, हे समजून घेऊ.

एवढासा डबा, पण आग केवढी?

बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गिझर. वीस अंशांचं पाणी पंचेचाळीस अंशांवर न्यायचं आणि तेही वाहतं असताना, तर उष्णता भरपूर लागते. पूर्ण क्षमतेने चालणारा असा गिझर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकाच वेळी फुल ठेवले तर जेवढी आग होईल, तेवढी आग या डब्यात असते.

आता हिशोब बघा. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते, म्हणजे साधारण १२ ते १३ घनमीटर. दहा मिनिटं गिझर चालला तर दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपतो. आपलं नेहमीचं बाथरूम असतं चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. त्यात हवा मावते जेमतेम साडेपाच घनमीटर.

म्हणजे दार बंद, झरोका बंद आणि एक माणूस दहा मिनिटं आंघोळ करून बाहेर आला, तर बाथरूममधल्या एक तृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन आगीने खाल्लेला असतो. लगेच दुसरा आत गेला, तर त्याच्या वाट्याला ही उरलेली हवा येते. अशा अनेक घटना एकापाठोपाठच्या आंघोळीत किंवा लांबलेल्या आंघोळीत का होतात, ते इथे कळतं. धुळवडीला रंग निघता निघत नाही, पाणी वाहतच राहतं, गिझर जळतच राहतो.

ऑक्सिजन पुरेसा असेल तर गॅस जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. खरा विषारी वायू तो.

वास आला असता ना?

नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

सिलेंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण गॅस जळाला की ते रसायनही जळतं. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो, ना रंग. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळपास हवेइतकंच असल्याने तो सगळ्या खोलीत मिसळून जातो.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, छाती भरते, पण मेंदूपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. मग हातापायांतली ताकद जाते. काहीतरी चुकतंय हे कळेपर्यंत कडी उघडायलाही हात उठत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. या विषबाधेत तो फसवतो. हिमोग्लोबिनला काय चिकटलंय, ऑक्सिजन की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. रुग्ण अत्यवस्थ असतो आणि आकडा ९७-९८ दिसतो. त्या आकड्यावर विसंबून थांबू नका.

मग तपासणी आत्ताच कशाला, नोव्हेंबरमध्ये करू की

माझ्याच घरातली गोष्ट सांगते. अकोल्याला माझी काकू आहे. दर हिवाळ्यात तिचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "केस धुतले का डोकं दुखतेच मायं. पित्त हाये मले." पित्ताच्या गोळ्या घरात असायच्याच. काकांना कोणी गिझर दाखवून घ्या म्हटलं, तर तेही ठरलेलं, "दहा वर्सं झाले, काही नाई झालं. कायले उगाच खर्च?"

एका मार्चमध्ये गिझरमधून पाणी टपकायला लागलं म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने समोरचं झाकण काढलं तेव्हा आतल्या तांब्याच्या पट्ट्या काजळीने गच्च भरलेल्या होत्या. झरोक्याला थंडीत वारं येतं म्हणून पुठ्ठा ठोकलेला होता. काकूचे केस लांब, तिची आंघोळ घरात सगळ्यात लांबायची आणि तिचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. गिझर बाहेर भिंतीवर गेला आणि पुढच्या हिवाळ्यात काकूचं "पित्त" गेलं.

थंडी संपताच तपासणी करायची ती यासाठी. त्याची तीन कारणं आहेत.

एक, लक्षणं ताजी असतात. यंदा ज्योत पिवळी होत होती का, पाणी कमी तापत होतं का, आंघोळीनंतर कोणाचं डोकं दुखत होतं का, हे आज आठवतं. नोव्हेंबरमध्ये आठवणार नाही.

दोन, यंत्राचं बरंच नुकसान ते बंद असताना होतं. आत साचलेलं पाणी, तसेच राहिलेले सेल, बर्नरमध्ये शिरलेले कोळी आणि कुंभारमाशी हे सगळं त्या सात-आठ महिन्यांत घडतं.

तीन, काम मोठं निघालं तर वेळ मिळतो. गिझर बाहेर हलवायचा तर पाइप टाकावे लागतात, भिंतीला छिद्र पाडावं लागतं. थंडीच्या ऐन भरात, घरात सगळ्यांना गरम पाणी हवं असताना, हे काम कोणी काढत नाही.

बंद करण्याआधी: पाच मिनिटांची तपासणी

गिझर बंद करायच्या आधी एकदा चालू करून बघा. बाथरूमचं दार आणि झरोका सताड उघडा ठेवा.

१. ज्योत. बहुतेक गिझरला समोर छोटी काच असते. ज्योत निळी आणि स्थिर असायला हवी. पिवळी, लांब, लपलपणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय किंवा बर्नर तुंबलाय.

२. काजळी. गिझरच्या वरच्या फटींजवळ, मागच्या भिंतीवर किंवा छताला काळा डाग आहे का? काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. जिथे ती आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडही तयार होत असण्याची दाट शक्यता असते. असा गिझर दुरुस्त झाल्याशिवाय पुन्हा लावू नका.

३. पेटण्याची पद्धत. नळ उघडल्यावर लगेच पेटतो की "भप्प" आवाज करून उशिरा पेटतो? उशिरा पेटणं म्हणजे आत आधी गॅस साचतोय. नळ बंद केल्यावर ज्योत ताबडतोब विझते का, तेही बघा. विझत नसेल तर आतला व्हॉल्व्ह अडकतोय.

४. गॅसची नळी. नळीवर निर्मितीचं किंवा मुदतीचं वर्ष छापलेलं असतं. तारेचं अस्तर असलेली केशरी सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांत बदलायची असते. भेगा, कडकपणा, उंदराने कुरतडल्याच्या खुणा बघा. जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधायचा प्रकार कधीही करू नका.

५. झरोका. पुठ्ठा, थर्माकोल, जुनी उशी, कबुतराचं घरटं, जे असेल ते काढा. एक्झॉस्ट फॅन असला म्हणजे झालं, असंही नाही. फॅन हवा बाहेर फेकतो, पण दाराखाली फट नसेल तर आत नवी हवा येणार कुठून?

आता नीट बंद करा

आधी सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करा, मग गिझरचा गॅस कॉक. पाण्याचा येणारा कॉक बंद करून गिझरच्या खालचा ड्रेनचा स्क्रू उघडा आणि आतलं पाणी काढून टाका. पाणी येण्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती काढून जुन्या टूथब्रशने धुवा. वाळू आणि गाळ तिथेच अडकतो.

सेल काढून ठेवा. हे सगळ्यात सोपं काम आहे आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं. खपलेले मोठे सेल उन्हाळ्यात आत राहिले की गळतात, टर्मिनल गंजतात आणि पुढच्या वर्षी नवे सेल टाकूनही ठिणगी पडत नाही.

शेवटी गिझरला कापडाची पिशवी चढवा, म्हणजे धूळ आणि किडे आत जाणार नाहीत. पिशवी बाहेरून दिसेल अशीच ठेवा. ती काढल्याशिवाय गिझर पेटवायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

बर्नर खोलणं, व्हॉल्व्ह दुरुस्त करणं, आतल्या पट्ट्या साफ करणं ही कामं जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. व्हिडिओ बघून गॅसचे जोड उघडू नका.

आपल्या पाण्याचाही वाटा आहे

अमरावती शहराला पाणी येतं अप्पर वर्धा धरणातून आणि अकोल्याला काटेपूर्णातून. पण नळ आला नाही की टाकीत बोअरचं पाणी जातं. आपल्या काळ्या खडकातून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की हे क्षार पांढऱ्या थराच्या रूपात धातूवर बसतात. चहाच्या भांड्यात दिसतो तोच थर गिझरच्या नळीत आतून बसतो.

त्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा वेगळाच. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या बऱ्याच गावांत भूजलच खारं आहे. तिथे थराच्या जोडीला गंजही येतो, कारण खारं पाणी धातू लवकर खातं.

याचा आगीशी काय संबंध? थर उष्णतेला अडवतो. पाणी पहिल्यासारखं तापत नाही, म्हणून आपण गॅसचा खटका वाढवतो. आग वाढते, हवा तेवढीच राहते. ज्वलन अर्धवट होतं, पट्ट्यांवर काजळी बसते. काजळीने धूर वर जायची वाट अरुंद होते, मग ज्वलन आणखी बिघडतं. "पाणी तापत नाही" ही तक्रार म्हणून नुसती गैरसोय समजू नका. मेकॅनिकला सांगून आतला क्षार काढून घ्या.

शॉवर आणि नळाची जाळी मात्र घरीच साफ होते. कोमट पाण्यात लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, विरघळवून रात्रभर भिजत ठेवा. संडास धुवायचं ॲसिड गिझरच्या जवळपासही नेऊ नका. ते क्षाराच्या आधी धातू खाऊन टाकेल.

खरा उपाय: गिझर बाथरूमच्या बाहेर

स्वच्छता, सर्व्हिसिंग, सेल हे सगळं केलं तरी बंद खोलीतली हवा वाढत नाही. वर केलेला हिशोब नव्याकोऱ्या गिझरलाही लागू आहे. काही नव्या गिझरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की बंद पडायची सोय असते, काही वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. चांगली गोष्ट आहे, पण ती दुसरी फळी झाली. पहिली फळी म्हणजे जागा.

गिझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या गॅलरीत किंवा मागच्या अंगणात लावा. तिथून बाथरूमपर्यंत गरम पाण्याला चालणारा सीपीव्हीसी पाइप आणा, कारण साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याने मऊ पडतो. अंतर कमी ठेवा, म्हणजे पाणी वाटेत गार होत नाही. वर पावसाचा पत्रा आणि वाऱ्याला आडोसा हवा, पण चारी बाजूंनी कोंडू नका. सिलेंडर उभा आणि मोकळ्या जागी ठेवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गिझरचा धूर चारी बाजूंनी बंद डक्टमध्ये किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार नाही, हे बघा.

जागा बदलणं लगेच जमत नसेल, तर तोवर एक नियम पाळा. दार उघडं ठेवून बादली भरा. गिझर बंद करा. पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या. मग आत जाऊन आंघोळ करा. आत माणूस आणि दार बंद असताना गिझर पेटलेला नको. घरात दहा जण पाहुणे असोत की परीक्षेला उशीर होत असो, हा नियम मोडायचा नाही.

कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारे छोटे अलार्म ऑनलाइन मिळतात. अटॅच्ड बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर बेडरूममध्ये तो जरूर लावा. त्यातल्या सेन्सरलाही ठरावीक आयुष्य असतं, ते पाकिटावर बघा.

घर भाड्याचं असेल तर?

अमरावतीत विद्यापीठाच्या आसपास आणि अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या परिसरात हजारो मुलं-मुली खोली करून राहतात. एका गिझरवर चार-पाच जणांच्या एकापाठोपाठ आंघोळी, हे तिथलं रोजचं चित्र आहे. ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरातल्या गॅस उपकरणांची दर वर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणं घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे खोली बघताना हे आपल्यालाच विचारावं लागतं: गिझर आत आहे की बाहेर? झरोका उघडतो का? शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली? घरमालकाला विचारायला संकोच वाटत असेल, तर आधी काळ्या डागाचा फोटो काढून पाठवा. फोटो दाखवला की बोलणं सोपं होतं.

विजेचा गिझर, रॉड आणि सोलर

विजेच्या गिझरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका नाही, पण शॉकचा आणि दाबाचा आहे. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः गंजते. खाऱ्या आणि जड पाण्यात ती लवकर संपते, म्हणून दर वर्षी तपासून घ्या. बाहेर छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो क्षाराने जाम झाला तर वाढलेल्या दाबाला वाट राहत नाही. पुढे थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांच्या आसपास ठेवलात तर क्षारही कमी बसतो आणि बिलही कमी येतं.

हीटरच्या रॉडवर पांढरा थर जाड झाला असेल, भेग दिसत असेल किंवा वायर कडक झाली असेल, तर तो ठेवून देऊ नका, टाकून द्या. नवा रॉड त्याच्या धोक्यापुढे काहीच नाही. चांगला असेल तर पुसून, कोरडा करून, वायर न मुडपता ठेवा. पाणी तापलंय का हे बघायला बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय बोट बुडवायचं नाही, हे मात्र बाराही महिने लक्षात ठेवा.

सोलरची अडचण उलटी असते. आपल्या उन्हाळ्यात पाणी उकळीच्या जवळ जातं. वापर नसेल तर नळ्यांवर झाकण टाका.

इलेक्ट्रिशियन आलाच आहे, तर कूलरही दाखवा

गिझर बंद होतो त्याच महिन्यात माळ्यावरून कूलर खाली येतो. पत्र्याची बॉडी, आत पाणी, पंप आणि ओली फरशी. कूलरचा शॉक लागून माणसं जाण्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. म्हणून एकाच फेरीत घराचं अर्थिंग तपासून घ्या. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. करंट गळला की तो क्षणात वीज तोडतो. गिझर असो की कूलर, त्याचं काम सारखंच. बसवल्यावर महिन्यातून एकदा त्याचं "टेस्ट" बटण दाबून बघा. आणि पाणी भरताना कूलरचा प्लग काढलेलाच हवा.

कोणी आत बेशुद्ध पडलं तर

हाक मारा. उत्तर आलं नाही तर वाट बघू नका, दार तोडा. दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. आत जास्त वेळ थांबू नका, नाहीतर वाचवणाराही पडतो. १०८ ला फोन लावा. श्वास बंद असेल आणि येत असेल तर सीपीआर द्या.

दवाखान्यात पोचताच पहिलं वाक्य हे सांगा: "गॅस गिझर चालू होता." हे सांगितलं नाही तर फिट आली, हार्ट अटॅक आला किंवा धुळवडीला काही खाण्या-पिण्यातून झालं, अशा दिशेने तपास जाऊ शकतो. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन लावला तर साधारण दीड तास. म्हणून बरं वाटायला लागलं तरी दवाखान्यात जायचंच.

एलपीजीचा वास येत असेल, म्हणजे न जळलेला गॅस गळत असेल, तर विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ या एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

आजीचा बंब कुठे असायचा?

जाता जाता एक गोष्ट. गावाकडे अजूनही कुठेकुठे तांब्याचा बंब दिसतो. मधोमध नळकांडं, खाली जाळी, त्यात तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या. बंद करायची त्याची पद्धतही ठरलेली असते. राख काढायची, कारण राखेला ओल लागली की धातू खराब होतो. नळकांड्यातली काजळी खरवडायची, चिंचेने घासायचा, उलटा करून वाळवायचा.

आमच्या आजीचा बंब अंगणात असायचा, न्हाणीच्या भिंतीला लागून. पेटवायचा बाहेर, पाणी न्यायचं आत. कार्बन मोनॉक्साइड हा शब्द तिला माहीत नव्हता, पण धूर निघतो ती वस्तू घरात ठेवायची नाही, हे पक्कं माहीत होतं. गॅस गिझरचा धूर दिसत नाही, म्हणून आपण ती भट्टी थेट आत नेली आणि वर कडी लावून घेतली.

तेव्हा आज घरी गेलात की दार-झरोका उघडा ठेवून एकदा गिझर लावा आणि ज्योत बघा. निळी असेल तरी जागा बदलता येईल का, याचा विचार करा. पिवळी असेल तर विचारही करत बसू नका, तो तिथेच बंद करा. आणि घरात कोणी "आंघोळ केली की डोकं दुखतं" म्हणत असेल, तर त्यांना आधी गोळी देऊ नका. आधी बाथरूमच्या छताकडे बघा.